धरणें : प्रजेचें गाऱ्हाणें आणि सरकारचा बंदोबस्त

१

‘धरणें’ हा शब्द हल्लीं वर्तमानपत्रांतून नित्य वाचावयास मिळतो. कचेरीसमोर, कारखान्याच्या दारीं अथवा विधिमंडळाच्या वाटेवर कोणी ना कोणी धरणें धरून बसलेला असतो, आणि त्याच्यापुढें पोलिसांची एक रांग उभी असते. एकास आपलें गाऱ्हाणें ऐकवावयाचें असतें, दुसऱ्यास रस्ता मोकळा ठेवावयाचा असतो. आणि दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य असतें. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडे आला, किंवा राज्यघटनेनें तो प्रथम उत्पन्न केला, असा समज बऱ्याच सुशिक्षितांचा दिसतो. याच्या उलट बाजूस, धरणें ही आपली सनातन परंपरा असल्यामुळें तिला कसलीच मर्यादा नको, असें म्हणणारेही आहेत. जुनीं साधनें पाहतां हे दोन्ही पक्ष टिकत नाहींत. धरणें जुनें आहे हें खरें. परंतु त्याची मर्यादाही तितकीच जुनी आहे. ती मर्यादा कोणती होती, ती कोणी पाळली व कोणी मोडली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत धनकोनें आपलें घेणें वसूल करण्याचे पांच उपाय सांगितले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. यांपैकीं ‘आचरित’ म्हणजे काय, याविषयीं टीकाकार एकमत नाहींत. मेधातिथीच्या मतें ऋणकोच्या दाराशीं अन्न वर्ज्य करून बसणें हें आचरित होय. कुल्लूकानें बृहस्पतीचें जें वचन घेतलें आहे, त्याप्रमाणें ऋणकोचीं बायकामुलें व गुरें अडकवून त्याच्या दारीं बसणें हें आचरित ठरतें. हा फरक केवळ शब्दाचा नाहीं. पहिल्या अर्थीं बसणारा क्लेश स्वतःस देतो. दुसऱ्या अर्थीं तो क्लेश दुसऱ्यास देतो. एकाच शब्दाखालीं या दोन अगदीं भिन्न गोष्टी फार प्राचीन काळापासून वावरत आल्या आहेत, आणि पुढील सर्व वाद या द्व्यर्थांतूनच निघाला आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आपस्तंबाच्या धर्मसूत्रांत ज्यांचें अन्न खाऊं नये अशांची जी यादी आहे, तींत ‘प्रत्युपविष्ट’ म्हणजे धरणें धरून बसलेला यासही स्थान आहे. सूत्रकाळीं ही चाल इतकी रूढ होती कीं, तिच्यासाठीं एक पारिभाषिक शब्द लागत असे. हाच शब्द रामायणाच्या अयोध्याकांडांत येतो. राम परत येत नाहीं असें पाहून भरत चित्रकूटावर दर्भ अंथरतो व प्रत्युपवेशन करण्याची धमकी देतो. त्यावर रामाचें उत्तर मोठें मार्मिक आहे. एका कुशीवर पडून लोकांस अडविण्याचा अधिकार ब्राह्मणास असेल, अभिषिक्त क्षत्रियांस हा विधि नाहीं, असें तो सांगतो. त्यानंतर भरत नागरिकांस, तुम्ही गप्प कां, असें विचारतो. तेव्हां राम पित्याच्या वचनाला जागत असल्यामुळें आम्हांस त्यास माघारें फिरवितां येत नाहीं, असें ते म्हणतात.

या प्रसंगांतून दोन नियम निघतात. पहिला असा कीं, मागणी न्याय्य आहे किंवा नाहीं हें पाहणाऱ्या समाजास पटलें पाहिजे. भरतासारख्या निष्कलंक पुरुषाचें धरणेंही ती पटली नाहीं म्हणून उठलें. दुसरा असा कीं, हें साधन सर्वांस सारखें खुलें नव्हतें. ब्राह्मण दारीं मेला तर ब्रह्महत्येचें पातक लागेल, या भीतीवर त्याचें मुख्य बळ उभें होतें. प्राचीन धरण्याचें गुणगान करणारांनीं ही दुसरी गोष्ट दृष्टीआड करूं नये.

३

आतां राजाच्या बाजूकडे वळूं. कल्हणाची राजतरंगिणी शके १०७० च्या सुमारास रचिली गेली. तिच्या सहाव्या तरंगांत राजा यशस्कर याचें वृत्त आहे. याची कारकीर्द इ. स. ९३९ ते ९४८ अशी धरतात. या राजाच्या पदरीं ‘प्रायोपवेशाधिकृत’ नांवाचे अधिकारी असल्याचें कल्हण सांगतो. प्रायोपवेश म्हणजे मरणाचा निश्चय करून अन्नत्यागपूर्वक बसणें. आणि अशा बसणाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठीं नेमलेले ते प्रायोपवेशाधिकृत. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर हें आंदोलनाच्या बंदोबस्ताचें खातें होतें. हें खातें काय करीत असे, हें पुढील कथेवरून कळतें. आणि ती कथा जुनीं दप्तरें बाळगणारांस विशेष रुचेल अशी आहे.

एक मनुष्य प्रायोपवेशास बसला आहे, असें या अधिकाऱ्यांनीं राजास कळविलें. राजानें त्यास समोर आणवून हकीकत विचारली. तो म्हणाला, मी पूर्वीं श्रीमंत होतों. कर्जामुळें घर एका वाण्यास विकलें, परंतु पायऱ्यांची विहीर बायकोच्या निर्वाहासाठीं राखून ठेविली. उन्हाळ्यांत फुलें व विड्याचीं पानें थंड राहावीं म्हणून माळी वगैरे लोक तिचें भाडें देत. वीस वर्षें परदेशीं राहून परत आलों, तों बायको दुसऱ्याच्या घरीं मोलकरीण झालेली. वाण्यानें तिला विहिरीवरून हुसकून लाविलें होतें. न्यायाधीशांकडे गेलों, तर प्रत्येक वेळीं निकाल वाण्यासारखाच झाला. आतां येथें मरणें एवढेंच उरलें आहे.

राजानें न्यायाधीशांस बोलाविलें. त्यांनीं खरेदीपत्र दाखविलें. त्यांत घर विहिरीसहित विकल्याचें स्पष्ट होतें. राजाचें मन मात्र मानीना. त्यानें सभेंतील व्यापाऱ्यांशीं रत्नांविषयीं गोष्टी काढल्या, आणि पाहण्याच्या मिषानें प्रत्येकाची अंगठी मागून घेतली. त्या वाण्याची अंगठी हातीं येतांच ती खुणेसाठीं त्याच्या घरीं पाठवून खरेदीच्या वर्षाची वही आणविली. वहींत खरेदीपत्र लिहिणाऱ्या अधिकरण-लेखकास एक हजार दीनार दिल्याची नोंद सांपडली. लेखनाची मजुरी ती काय, आणि हजार दीनार ते काय! लेखकास अभय देऊन विचारतां त्यानें कबूल केलें कीं, ‘रहित’ या शब्दांतील ‘र’च्या जागीं ‘स’ लिहून ‘सहित’ केलें. एका अक्षरानें एका कुटुंबाचें अन्न गेलें होतें. राजानें वाण्याचें घर व मालमत्ता फिर्यादीस देवविली आणि वाण्यास हद्दपार केलें.

या कथेचा उपयोग बहुधा राजाच्या चातुर्याचें उदाहरण म्हणून करितात. आमच्या मतें तिचें महत्त्व निराळें आहे. न्यायसभेचा निकाल कागदास धरून होता; पद्धतींत कोठेंही उणें नव्हतें; आणि तरीही अन्याय झाला होता. अशा वेळीं रीतसर मार्ग संपलेल्या माणसाची हांक राजापर्यंत पोंचविणारा एकच दुवा उरला, तो म्हणजे धरण्यावर देखरेख करणारा अधिकारी. त्यानें फिर्यादीस उठवून लाविलें असतें, तर नगरांत शांतता राहिली असती. पण बनावट खरेदीपत्रही कायमचें खरें ठरलें असतें.

परंतु कल्हण एकांगी लेखक नव्हे. ज्या ग्रंथांत ही कथा आहे, त्याच ग्रंथांत प्रायोपवेशाच्या दुरुपयोगाचीं चित्रें पदोपदीं आढळतात. दिद्दा राणीच्या काळीं तुंग नामक मंत्र्याविरुद्ध मोठमोठ्या अग्रहारांतील ब्राह्मण उपोषणास बसविण्यांत आले, आणि राणीनें सोनें वांटतांच तें उपोषण सुटलें. राजा हर्ष यानें भीमकेशवाच्या देवळाचा खजिना घेतला, तेव्हां तेथील पुरोहितमंडळ प्रायोपवेशास बसलें व त्यानें वेठीनें ओझीं वाहण्याच्या सक्तींतून सूट मिळविली. पुढें आठव्या तरंगांत देवांच्या मूर्ती व वाद्यें घेऊन जमलेल्या पुरोहितांचें वर्णन तर कल्हणानें उघड उपहासानें केलें आहे. देवळाच्या पुरोहितांचें मागणें निदान वेठीपुरतें तरी योग्य होतें. दिद्देच्या ब्राह्मणांचें मागणें विकाऊ होतें. बाहेरून दोन्ही सारखींच दिसत. तेव्हां बसणाऱ्याच्या अंगावरील भस्म पाहून नव्हे, तर त्याची फिर्याद तपासून निर्णय करावा लागतो, एवढाच यांतील बोध.

४

मराठी राज्यांतील स्थितीविषयीं उत्तम पुरावा शत्रुपक्षाचा आहे, म्हणून तो अधिक विश्वसनीय. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ च्या ऑक्टोबरांत जो अहवाल लिहिला, त्यांत ‘तकाजा’ या प्रकाराचें सविस्तर वर्णन आहे. घेणेकरी बरोबरीचा किंवा वरचढ असेल, तर तो देणेकऱ्यास घराबाहेर जाऊं देत नसे, जेवूं देत नसे, उन्हांत बसवीत असे. देणेकरी मोठा असेल, तर घेणेकरी त्याच्या उंबऱ्यावर पडून राही, वाटेंत आडवा पडे, दारापुढें ओरड करी, अथवा उपाशी बसे. आणि तो उपाशी असेतों देणेकऱ्यासही उपाशी राहावें लागे. मेधातिथि व बृहस्पति यांचे दोन अर्थ येथें एकाच गांवांत शेजारीं शेजारीं नांदतांना दिसतात.

एल्फिन्स्टनचें पुढील निरीक्षण फार मोलाचें आहे. तकाजा न्याय्य असेतों त्यास उपद्रव न देणें, ही लोकांत अब्रूची गोष्ट समजली जाई. तो अन्यायाचा असेल, तर ज्याला त्रास होई तोच कंटाळून पंचायत मागे. आणि अशा रीतीनें अधिकाऱ्याच्या आळसामुळें जो वाद कुजत पडला असता, तो निवाड्यास येई. म्हणजे धरणें हा निवाडा नव्हता. निवाड्याकडे नेणारी ती वाट होती.

सरकाराविरुद्धही हींच साधनें वापरीत. मोठ्या माणसाच्या वाड्यापुढें उभें राहून आक्रोश करणें, भर दिवसा त्याच्यापुढें मशाल धरणें, देवाच्या मूर्तीवर अखंड पाणी ओतणें, हे प्रकार एल्फिन्स्टन नमूद करितो. दिवसाच्या मशालीचा अर्थ उघड आहे : तुमच्या राज्यांत सूर्य असतांही अंधार आहे. याहीपुढची पायरी म्हणजे सबंध जात, सबंध गांव किंवा सबंध धंदा एका माणसाच्या गाऱ्हाण्यासाठीं एकत्र बसे. येथें ब्रह्महत्येच्या भीतीची जागा संख्येच्या बळानें घेतली आहे. ज्याला शास्त्रानें अधिकार दिला नव्हता, त्या कुणब्याला व कारागिराला तो समुदायानें मिळवून दिला.

हें चित्र जितकें आकर्षक, तितकेंच अपुरें. ज्या राज्यांत दाद लागण्यास उपाशी बसावें लागतें, तें सुव्यवस्थित म्हणतां येत नाहीं. दौलतराव शिंद्यांच्या छावणींतून १८०९ सालीं ब्रॉटन यानें लिहिलेल्या पत्रांत धरण्याचीं जीं वर्णनें आहेत, तीं पाहतां थकलेल्या पगारासाठीं शिपाई वरिष्ठांस कोंडीत, आणि तेंच व्यवहाराचें नेहमींचें साधन होऊन बसलें होतें, हें ध्यानांत येतें. धरणें हें औषध आहे. औषध रोजचें जेवण झालें म्हणजे शरीर निरोगी आहे असें कोणी म्हणणार नाहीं.

५

कंपनी सरकारानें या प्रथेकडे कसें पाहिलें? काशी प्रांतांतील धरणें व ‘कूढ’ यांचें वर्णन सर जॉन शोर यानें ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडांत दिलें आहे. कूढ म्हणजे लांकडांचें वर्तुळ रचून त्यांत गाय किंवा घरची एखादी वृद्ध स्त्री बसविणें, आणि सरकारी मनुष्य वसुलीस आला तर तें पेटवून देण्याची धमकी देणें. यांत स्वतःच्या क्लेशाचा अंशही नाहीं. निरपराध म्हातारीच्या प्राणांवर चाललेला हा सौदा होय. १७९५ सालच्या २१ व्या रेग्युलेशननें कूढ, स्त्रियामुलांचा वध आणि धरणें हीं तिन्ही एकाच दमांत निषिद्ध केलीं. पहिल्या दोहोंविषयीं सरकारास दोष देतां येणार नाहीं. परंतु तिसरें त्यांच्याच पंगतीस बसविल्यामुळें दार ठोठावणारा आणि घर जाळणारा यांतील भेद कायद्याच्या दृष्टीनें पुसट झाला.

याची परीक्षा पंधरा वर्षांतच त्याच शहरीं झाली. १८१० सालच्या १५ व्या रेग्युलेशननें काशी, पाटणा, मुर्शिदाबाद आदि शहरांतील घरांवर कर बसविण्यांत आला. डिसेंबरांत घरांची मोजणी सुरू होतांच काशीच्या लोकांनीं दुकानें बंद केलीं व शहराबाहेरच्या मैदानांत जाऊन धरणें धरलें. लोहारांचा यांत पुढाकार होता. गवंडी, विणकर, न्हावी, शिंपी, कहार असे सर्व धंदे आपापल्या जातींच्या तुकड्या करून रात्रंदिवस बसले. गांवोगांव ‘धर्मपत्रें’ फिरलीं व घरटीं एक माणूस मागविण्यांत आला. बसलेल्यांची संख्या वीस हजारांवर गेल्याचें सरकारी कागद सांगतात. त्यांच्या अर्जांत मागील बादशहांनीं घरांवर कधीं कर घेतला नाहीं, आणि इतर करांचें ओझें आधींच असह्य आहे, अशीं कारणें मांडलीं होतीं.

येथील मॅजिस्ट्रेट बर्ड व कलेक्टर यांचीं पत्रें धरमपाल यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत पाहावयास मिळतात. त्यांत अधिकाऱ्यांची अडचण स्पष्ट दिसते. लोक निःशस्त्र होते, आणि निःशस्त्रपणा हीच आपली ढाल आहे, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. अशा निरुपद्रवी समुदायावर लष्कर हत्यार चालविणार नाहीं, असा त्यांचा भरंवसा होता, असें कलेक्टर लिहितो. उलटपक्षीं, सामील होण्यास कचरणाऱ्यांस जातीकडून दंड होत होता, आणि प्रेतांचे विधि करणारे न मिळाल्यामुळें तीं तशींच गंगेंत सोडलीं गेलीं, असेंही त्याच पत्रव्यवहारांत आहे. धरणेकऱ्यांची बाजू घेणारानें हीं दुसरीं वाक्यें वगळूं नयेत. ज्याच्या बापाचें प्रेत विधीवांचून गंगेंत गेलें, त्यानें तो कर बसविला नव्हता.

अखेर काशीचे राजे मध्यें पडले व जानेवारींत लोक घरीं परतले. कांहीं सवलती प्रथम मिळाल्या, आणि १८१२ सालीं करच रद्द झाला. सरकारचा दरारा राखण्यासाठीं आधीं नकार, मग सवलत, मग माघार, असा हा क्रम आहे. जो अर्ज १८१२ सालीं मान्य झाला, तो १८१० च्या डिसेंबरांतच नीट वाचला असता, तर सरकारचा दरारा अधिक राहिला असता कीं कमी, याचा विचार वाचकांनींच करावा.

६

१८६० च्या दंडविधानांत ५०८ वें कलम आलें. दैवी कोपाची भीती घालून दुसऱ्याकडून एखादी गोष्ट करविणें हा त्यांतील अपराध, आणि त्याचें पहिलेंच उदाहरण धरण्याचें. दुसरें उदाहरण आपल्याच मुलास मारण्याच्या धमकीचें, म्हणजे काठेवाडांतील भाट-चारणांच्या ‘त्राग्या’चें आहे. हा शब्द मराठींत आजही नांदतो; मात्र रक्ताचा अर्थ गळून नुसती चिडचिड उरली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तींत हेंच कलम ३५४ वें आहे. यांत दंडनीय ठरतें तें दैवी कोपाचें भय. नुसतें बसणें नव्हे. हल्लींचा धरणेकरी देवाचें नांव घेऊन शाप देत नाहीं, म्हणून तो या कलमाखालीं सहसा येत नाहीं. तो येतो जमावबंदीच्या हुकुमाखालीं.

गांधीजींचें मत येथें सांगणें अवश्य आहे. १९२१ सालीं कलकत्त्यास विद्यार्थ्यांनीं परीक्षेस जाणाऱ्यांच्या वाटेंत धरणें धरलें, तेव्हां त्यांनीं या प्रकारास रानटी ठरवून त्याचा कडक निषेध केला. ज्यांनीं स्वतः उपोषणें केलीं, त्यांनीं दुसऱ्याची वाट अडविणें निषिद्ध मानावें, यांत विसंगति नाहीं. मेधातिथीचें आचरित त्यांस मान्य होतें, बृहस्पतीचें नव्हतें.

स्वतंत्र भारताच्या घटनेनें १९ व्या अनुच्छेदांत शांततेनें व निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठीं वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्यास ठेविली. अहमदाबादच्या एका प्रकरणांत १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, रस्त्यावरील सभेचें नियमन पोलिसांस करतां येईल, पण परवानगी देणें न देणें हें कमिशनराच्या निव्वळ मर्जीवर सोडणारा नियम टिकणार नाहीं. २०१८ सालीं दिल्लीच्या जंतरमंतरवरील सरसकट बंदी न्यायालयानें मान्य केली नाहीं. २०२० च्या जानेवारींत, जमावबंदीचा हुकूम न्याय्य मतप्रदर्शन दडपण्यासाठीं वापरतां येणार नाहीं, असें सांगितलें. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवण्याचा हक्क कोणास नाहीं, असेंही सांगितलें. या निर्णयांत परस्परविरोध पाहणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो दिसत नाहीं. एकीकडे बसण्याचा हक्क, दुसरीकडे वाट चालण्याचा हक्क, आणि मध्यें लेखी कारण देण्यास बांधलेला अधिकारी, असें हें चित्र आहे.

७

वरील विवेचनाचें सार तीन वाक्यांत सांगतां येईल. धरण्याची योग्यता बसणारा क्लेश कोणास देतो यावरून ठरते. स्वतः क्लेश सोसणारा आदरास पात्र, दुसऱ्याच्या माथीं क्लेश मारणारा नव्हे. बंदोबस्त करणाऱ्याची योग्यता तो गाऱ्हाणें वर पोंचवितो कीं दाबतो यावरून ठरते. आणि ज्या राज्यांत दाद मागण्याचे इतर दरवाजे मोकळे असतात, तेथें उंबऱ्यावर बसणारे आपोआप कमी होतात. यशस्कराचा प्रायोपवेशाधिकृत आणि आजचा पोलीस अधिकारी यांच्यांत हजार वर्षांचें अंतर आहे. कर्तव्य मात्र तेंच आहे. त्याच्या हातांत दंड असावा, पण त्याच्या पायांस राजाचें दार ठाऊक असावें.

शेवटीं दप्तरसंग्राहकांस एक विनंती. जुन्या रुमालांत कर्जरोखे, तकाज्याचीं पत्रें, दारीं बसल्याच्या तक्रारी असे किरकोळ वाटणारे कागद निघतात. लढायांचीं व तहांचीं पत्रें निवडून घेतांना हे बहुधा बाजूस पडतात, आणि पुढें वाळवीच्या स्वाधीन होतात. दिवसा मशाल कोणी धरली, कोणासाठीं धरली, आणि ती पाहून कोणी काय केलें, हें त्याच कागदांत असावयाचें. ते टाकूं नयेत. ‘र’ आणि ‘स’ यांतील फरक ज्यांस वाचतां येतो, त्यांनींच ते जपले पाहिजेत.